बिबट्याला, गव्याला बेशुद्ध करून पकडतात म्हणजे नेमकं काय करतात? आणि हे काम शिकवतात कसं?

९ डिसेंबर २०२०. पुण्यातल्या कोथरूडच्या महात्मा सोसायटी परिसरात सकाळी सकाळी एक गवा दिसला. थोड्याच वेळात त्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरायला लागले आणि बघता बघता गर्दी जमली. कुणी शूटिंग करत होतं, कुणी आरडाओरडा करत होतं. बिथरलेला गवा वाट फुटेल तिकडे पळत सुटला. गल्ल्या, सोसायट्यांची फाटकं, भिंती यांच्यात तो कित्येक तास धडपडत होता. शेवटी भुलीचे डार्ट मारून, दोर लावून त्याला पकडण्यात आलं. पण पकडल्यानंतर काही वेळातच त्याचा मृत्यू झाला.

अशा बातमीनंतर सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारला जातो. इंजेक्शनच तर दिलं होतं, मग प्राणी मेला कसा?

या प्रश्नाचं उत्तर समजून घ्यायचं तर वन्यप्राण्याला भूल देऊन पकडणं हे काम मुळात काय आहे, ते कोण करतं, त्यासाठी काय काय शिकावं लागतं आणि इतकं शिकूनही ते का फसू शकतं, हे पाहावं लागतं.

सिनेमातली बंदूक आणि खरी बंदूक

सिनेमात डार्ट लागतो आणि पुढच्या क्षणी वाघ आडवा होतो. प्रत्यक्षात असं होत नाही.

ट्रँक्विलायझर गन म्हणजे इंजेक्शन लांबून टोचण्याचं साधन. तिच्यातून गोळी निघत नाही, डार्ट निघतो. डार्ट म्हणजे उडणारी सिरिंज. पुढे सुई, मध्ये औषधाची नळी, मागे औषध ढकलण्यासाठी दाबाखालची हवा किंवा तशीच दुसरी सोय, आणि शेपटाला रंगीत गोंडा. गोंड्यामुळे डार्ट हवेत सरळ जातो आणि नंतर गवतात शोधायलाही सोपं पडतं. प्राणी अगदी जवळ असेल, म्हणजे पिंजऱ्यात किंवा खोलीत अडकलेला असेल, तर बंदुकीऐवजी फुंकनळी वापरतात. तिचा आवाज होत नाही आणि प्राण्याला मारही कमी बसतो.

डार्ट लागल्यावर औषध स्नायूत जातं, तिथून रक्तात आणि रक्तातून मेंदूपर्यंत. सगळं नीट जुळून आलं तरी बिबट्यासारखा प्राणी आडवा व्हायला साधारण ५ ते १५ मिनिटं लागतात. सुई हाडावर आदळली, औषध चरबीत गेलं किंवा प्राणी आधीच खवळलेला असेल तर त्याहून जास्त वेळ लागतो.

सगळ्यात धोक्याची असतात ती हीच मिनिटं. डार्ट लागलेला बिबट्या अजून पूर्ण शुद्धीत असतो, त्याला टोचल्याची वेदना झालेली असते आणि तो पळायला वाट शोधत असतो. त्या वाटेत माणसं उभी असतील तर तो त्यांच्यावर जातो. फेब्रुवारी २०१६ मध्ये बंगळुरूतल्या एका शाळेत शिरलेल्या बिबट्याला पकडताना असंच झालं. त्याला आवरेपर्यंत अनेक जण जखमी झाले. त्यात संजय गुब्बी हे वन्यजीव अभ्यासकही होते. म्हणजे ज्यांना बिबट्याची पुरेपूर माहिती आहे, अशा माणसालाही हा धोका टळत नाही.

ही पद्धत आली कुठून?

त्याआधी प्राणी पकडायचे तर खड्डा, फास, वाघूर किंवा हाका घालून कोंडणं हेच मार्ग होते. हत्तींसाठी खेडा पद्धत होती. या सगळ्यात प्राणी जिवंत सापडला तरी तो जखमी होण्याची शक्यता मोठी असायची.

१९५० च्या दशकात दोन ठिकाणी जवळपास एकाच वेळी नवा विचार झाला. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात हरणं पकडण्यासाठी लांबून औषध टोचणारी बंदूक तयार झाली. तिकडे न्यूझीलंडमध्ये कॉलिन मर्डोक या औषधनिर्मात्याने रानटी बकऱ्या आणि हरणांसाठी अशीच बंदूक बनवली. वापरून फेकून देण्याच्या सिरिंजचं श्रेयही याच मर्डोकला दिलं जातं.

बंदूक मिळाली, पण औषधं चांगली नव्हती. सुरुवातीला निकोटिनचे क्षार वापरले जायचे. त्यांची योग्य मात्रा आणि जीवघेणी मात्रा यांच्यात फारसं अंतर नव्हतं. दुसरं एक औषध, सक्सिनिलकोलिन, स्नायू लुळे पाडायचं पण शुद्ध घालवायचं नाही. म्हणजे प्राणी पडलेला दिसायचा आणि त्याला सगळं कळत असायचं.

१९६० च्या दशकात चित्र बदललं. केटामाइन, झायलाझिन आणि एटॉर्फिन ही तिन्ही औषधं याच काळातली. एटॉर्फिन मॉर्फिनपेक्षा हजारपटीहून जास्त ताकदवान आहे. त्यामुळे गेंड्यासारख्या अवाढव्य प्राण्यालाही डार्टमध्ये मावेल एवढ्या औषधात आडवं करता यायला लागलं. दक्षिण आफ्रिकेत पांढऱ्या गेंड्यांना पकडून दुसऱ्या अभयारण्यांत नेण्याची मोठी मोहीम त्याच दशकात झाली. आज आफ्रिकेत पांढरे गेंडे दिसतात त्यात या मोहिमेचा मोठा वाटा आहे.

भारतात १९८२ मध्ये स्थापन झालेल्या देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने हे तंत्र वन अधिकारी आणि पशुवैद्यकांना शिकवायला घेतलं. आसाममध्ये बिथरलेल्या हत्तींना डार्ट मारून आवरण्याचं काम वर्षानुवर्षं करणारे डॉ. कुशल कोंवर शर्मा यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली.

डार्ट मारायचा अधिकार कुणाला?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ‘शिकार’ या शब्दात प्राणी मारण्याबरोबर त्याला पकडणंही येतं. म्हणजे परवानगीशिवाय बिबट्याला सापळ्यात पकडणं हासुद्धा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

वाघ, बिबट्या, गवा हे प्राणी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्यापैकी एखादा माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला किंवा बरा न होण्याइतका जखमी अथवा आजारी असेल, तर कलम ११ खाली राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देऊ शकतात. आदेशात कारण लिहावं लागतं. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे.

याच कलमात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. एक, प्राण्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही याची खात्री झाल्याशिवाय त्याला मारण्याचा आदेश देता येत नाही. दोन, पकडताना आणि हलवताना प्राण्याला कमीत कमी आघात झाला पाहिजे.

म्हणजे भूल देऊन पकडणारं पथक कुशल आहे की नाही, यावर काही वेळा एखाद्या वाघाचं जगणं-मरणं ठरतं. यवतमाळ जिल्ह्यातली टी-१ ऊर्फ अवनी वाघीण आठवत असेल. तिला बेशुद्ध करून पकडण्याचे प्रयत्न बराच काळ चालले, ते यशस्वी झाले नाहीत आणि २ नोव्हेंबर २०१८ ला ती गोळी लागून मेली. त्या कारवाईवरून देशभर वाद झाला.

औषधांवरही कडक नियंत्रण आहे. माणसांमध्ये नशेसाठी गैरवापर होत असल्यामुळे केटामाइनचा समावेश २०११ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत झाला. त्यामुळे किती आणलं, किती वापरलं, किती उरलं याचा हिशेब ठेवावा लागतो.

प्रशिक्षणात काय शिकवतात?

डार्ट मारणारा माणूस म्हणजे नेमबाज, असा एक समज आहे. पण प्रशिक्षणात नेमबाजी हा एक छोटा भाग असतो. अभ्यासक्रम साधारण पाच गोष्टींभोवती फिरतो.

*पहिली गोष्ट: वजनाचा अंदाज*

दवाखान्यात कुत्रा आणला तर आधी वजन करतात आणि मग औषध देतात. झुडपात बसलेल्या बिबट्याचं वजन कसं करणार? पूर्ण वाढलेला नर ५० ते ७० किलोचा असू शकतो, मादी त्याच्यापेक्षा बरीच लहान. पशुवैद्यकाला लांबून, अर्धवट दिसणाऱ्या प्राण्याकडे बघून ठरवावं लागतं: नर की मादी, वय काय, पोट भरलेलं आहे का, मादी गाभण आहे का, जखम आहे का, किती वेळ पळतोय.

औषध कमी पडलं तर प्राणी अर्धवट गुंगीत राहतो. हा प्रकार सगळ्यात वाईट, कारण तो तोल जाऊन विहिरीत, पाण्यात किंवा रस्त्यावर जातो आणि जवळ आलेल्या माणसावर हल्लाही करू शकतो. औषध जास्त झालं तर श्वास मंदावतो.

बहुतेक वेळा दोन औषधं एकत्र देतात. नुसत्या केटामाइनने स्नायू ताठरतात, झटके येऊ शकतात. झायलाझिन किंवा मेडेटोमिडिनसारखं औषध स्नायू सैल करतं. दोन्ही मिळून दिली की प्रत्येकाची मात्रा कमी लागते. शिवाय दुसऱ्या गटातल्या औषधांना उतारा आहे: योहिम्बिन, अटिपामेझोल. केटामाइनला मात्र उतारा नाही, ते शरीरातून आपोआपच उतरावं लागतं. म्हणून उतारा कधी द्यायचा हेही शिकावं लागतं. फार लवकर दिला तर झायलाझिनचा असर जातो, केटामाइनचा राहतो आणि प्राण्याला झटके येतात.

*दुसरी गोष्ट: अंतर, दाब आणि जागा*

डार्ट किती जोराने सुटावा हे बंदुकीतल्या हवेच्या किंवा वायूच्या दाबावर ठरतं. अंतर चुकीचं मोजलं आणि दाब जास्त ठेवला, तर तोच डार्ट लहान प्राण्याचं हाड मोडू शकतो किंवा शरीरात खोल घुसू शकतो. दाब कमी पडला तर तो वाटेतच खाली येतो.

म्हणून शिकणाऱ्यांना आधी पाणी भरलेले डार्ट देऊन लक्ष्यावर सराव करायला लावतात. १० मीटर, २० मीटर, ३० मीटर. वारा असताना, उतारावरून, झाडाच्या फांद्यांतून. लक्ष्य एकच: मांडीचे किंवा खांद्याचे जाड स्नायू. डोकं, मान, छाती, पोट ही ठिकाणं टाळायची. बरगड्यांमध्ये किंवा पोटात सुई गेली तर भूल यशस्वी होऊनही प्राणी नंतर दगावू शकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचा धडा: जागा बरोबर दिसत नसेल तर चाप ओढायचा नाही. मागे लोक ओरडत असले, कॅमेरे लागलेले असले तरीही नाही.

*तिसरी गोष्ट: पथक*

हे काम एकट्याचं नाही. पशुवैद्यक औषध आणि मात्रा ठरवतो. डार्ट मारणारा वेगळा असू शकतो. एक जण फक्त वेळ लिहितो: डार्ट कधी लागला, प्राणी कधी डुलायला लागला, कधी पडला. काही जण प्राणी कुठे जातोय यावर नजर ठेवतात. जाळी, स्ट्रेचर आणि पिंजरा घेऊन एक गट तयार असतो. पोलीस आणि वनरक्षक गर्दी सांभाळतात.

कोण बोलणार, कुणाचा शब्द शेवटचा, हे आधी ठरलेलं असावं लागतं. प्रशिक्षणात याची रंगीत तालीम घेतात. एखाद्याला प्राणी समजून सगळी कारवाई पहिल्यापासून शेवटपर्यंत करून बघायची, मग कुठे गोंधळ झाला ते बसून बोलायचं.

वेळ निवडणं हाही निर्णय असतो. भर दुपारच्या उन्हात शरीराचं तापमान चटकन वाढतं, म्हणून शक्य असेल तर सकाळची वेळ बरी. अंधारात डार्ट मारणं साधारणपणे टाळतात, कारण डार्ट लागलेला प्राणी अंधारात हरवला तर त्याला ना उतारा देता येतो ना वाचवता येतं.

*चौथी गोष्ट: प्राणी पडल्यानंतर*

बघणाऱ्यांसाठी प्राणी पडला की काम संपतं. पशुवैद्यकाचं खरं काम तिथून सुरू होतं.

आधी लांबून काठीने स्पर्श करून बघतात. कान हलला, शेपूट हलली तर थांबतात. जवळ गेल्यावर पहिलं काम म्हणजे श्वासाची वाट मोकळी करणं. मान सरळ, जीभ बाहेर, तोंडात उलटी नाही ना याची खात्री. झायलाझिनने मांजरकुळातल्या प्राण्यांना उलटी होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो.

मग डोळे. केटामाइनच्या गुंगीत डोळे उघडे राहतात, पापणी लवत नाही. म्हणून डोळ्यांत मलम घालून वर कापड बांधतात. त्यामुळे डोळे कोरडे पडत नाहीत आणि प्राण्याला उजेडही जाणवत नाही. कानात कापूस. आजूबाजूला शांतता.

यानंतर दर काही मिनिटांनी श्वास, नाडी आणि तापमान. बिबट्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ते ४१ च्या पुढे गेलं की धोका. अंगावर पाणी ओतणं, सावलीत हलवणं, ऑक्सिजन लावणं ही तयारी आधीच हाताशी असावी लागते.

गव्यासारखा रवंथ करणारा प्राणी असेल तर आणखी एक काळजी. त्याला कुशीवर झोपवून ठेवलं तर पोटात वायू भरतो, पोट फुगतं आणि श्वास कोंडतो. म्हणून त्याला छातीवर, मान वर आणि तोंड खाली अशा स्थितीत टेकवून ठेवावं लागतं. एक टनाच्या आसपास वजनाचा प्राणी अशा स्थितीत धरून ठेवणं म्हणजे किती माणसांचं काम, याची कल्पना करता येईल.

*पाचवी गोष्ट: स्वतःचा जीव*

ही औषधं माणसालाही तितकीच लागू पडतात. एटॉर्फिनचा थेंब डोळ्यात किंवा जखमेत गेला तरी माणसाचा जीव धोक्यात येतो. म्हणून ते भरताना हातमोजे आणि चष्मा घालायचा, शेजारी दुसरा माणूस उभा हवा आणि उतारा आधी सिरिंजमध्ये भरून ठेवलेला हवा, असा नियम असतो. हुकलेला डार्ट शोधून काढणं हेही सक्तीचं, नाहीतर तो एखाद्या लहान मुलाच्या हाती लागू शकतो.

मग कोथरूडचा गवा का गेला?

आता पहिल्या प्रश्नाकडे येता येईल.

वन्यप्राणी जिवाच्या आकांताने बराच वेळ पळतो तेव्हा त्याच्या स्नायूंना लागणारा ऑक्सिजन पुरेनासा होतो. रक्तातलं आम्ल वाढतं, तापमान चढतं आणि स्नायूंच्या पेशी फुटायला लागतात. फुटलेल्या पेशींमधली द्रव्यं रक्तात मिसळतात. त्यातलं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवतं, तर स्नायूंमधलं रंगद्रव्य मूत्रपिंडं निकामी करतं. याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. पाठलागामुळे आणि पकडताना आलेल्या ताणामुळे होणारा हा स्नायूंचा विकार आहे. हरणं, काळवीट आणि गवा यांसारख्या खुरांच्या प्राण्यांना त्याचा धोका जास्त. मृत्यू काही मिनिटांत येऊ शकतो किंवा सोडून दिल्यावर काही दिवसांनीही. त्यावर खात्रीचा इलाज नाही. तो होऊ न देणं हाच उपाय.

अशा दमलेल्या शरीरात भुलीचं औषध गेलं की श्वास आणि रक्ताभिसरणावर आणखी भार पडतो. कोथरूडच्या गव्याच्या बाबतीत तासन्तासांची पळापळ, जखमा, माणसांची भीती आणि त्यावर भूल हे सगळं एकत्र आलं होतं. औषध कितीही बरोबर मोजलं तरी डार्ट लागण्याआधीचे काही तास कुणालाही परत आणता येत नाहीत.

डार्ट न मारणं हेही कौशल्य

चांगल्या प्रशिक्षणात ‘कसं बेशुद्ध करायचं’ याच्या आधी ‘बेशुद्ध करायची गरज आहे का’ हे शिकवतात.

जुन्नर, शिरूर, संगमनेर, निफाड या उसाच्या पट्ट्यात बिबट्या विहिरीत पडल्याची बातमी नेहमी येते. तिथे डार्ट मारला तर बेशुद्ध बिबट्या पाण्यात बुडेल. म्हणून आधी दोरांना बांधून बाज किंवा फळी खाली सोडतात, म्हणजे पोहून दमलेल्या बिबट्याला टेकायला जागा मिळते. मग पिंजरा सोडतात. बिबट्या आपणहून आत शिरतो, पिंजरा वर ओढला जातो. भुलीची गरजच पडत नाही.

ऊसतोडणीच्या वेळी बिबट्याची पिल्लं सापडतात तेव्हाही तसंच. पिल्लांची तपासणी करून त्यांना संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि लांबून कॅमेऱ्याने लक्ष ठेवतात. रात्री मादी येऊन पिल्लं घेऊन जाते. जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट्या निवारा केंद्रातल्या पथकांनी अशा अनेक भेटी घडवल्या आहेत. पिल्लं उचलून नेली असती तर ती जन्मभर पिंजऱ्यात राहिली असती आणि पिसाळलेली मादी गावाभोवती फिरत राहिली असती.

पकडला, पण सोडणार कुठे?

पकडलेल्या प्राण्याचं पुढे काय, हा प्रश्न पकडण्याइतकाच मोठा आहे आणि त्याचा सगळ्यात ठळक धडा महाराष्ट्रातच मिळाला.

२००१ पासून जुन्नर भागात मोठ्या संख्येने बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते उलटंच होतं. १९९३ ते २००१ या काळात जुन्नरमध्ये माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. बिबटे हलवण्याच्या काळात, २००१ ते २००३ मध्ये, ते वर्षाला १७ वर गेले. पकडण्याचा ताण आणि अनोळखी मुलूख यांमुळे प्राण्याचं वागणं बिघडतं, शिवाय रिकाम्या झालेल्या जागी दुसरा बिबट्या येतोच.

२००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका वयस्कर बिबट्याला बाहेर काढून, बेशुद्ध करून रेडिओ कॉलर लावली आणि माळशेज घाटात सोडलं. तो तिथे थांबला नाही. हमरस्ते, रेल्वेमार्ग आणि वसईची खाडी ओलांडत तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या जंगलापर्यंत पोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. हाच तो ‘आजोबा’, ज्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपट आला.

आजोबाची गोष्ट कळली ती त्याच्या गळ्यातल्या कॉलरमुळे. आणि कॉलर लावता आली ती त्याला नीट भूल देणाऱ्या हातांमुळे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही २०२१ पासून बिबट्यांना कॉलर लावून ते शहराच्या कडेला कसे राहतात याचा अभ्यास झाला. म्हणजे भूल देण्याचं कौशल्य फक्त संकटाच्या वेळी लागतं असं नाही. उपचार, संशोधन, वाघांचं स्थलांतर या सगळ्याच्या मुळाशी तेच आहे.

हे शिकतात कुठे?

पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची असते. त्यात वन्यप्राण्यांचा भाग असतो, पण बहुतांश शिक्षण गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रा यांच्याभोवती फिरतं. वन्यप्राण्यांना भूल देण्याचं खास शिक्षण नंतर घ्यावं लागतं. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था, नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं गोरेवाडा इथलं वन्यजीव संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र, अशा ठिकाणी त्याचे वर्ग होतात. वनरक्षक आणि वन अधिकाऱ्यांची प्रशिक्षणं चंद्रपूर आणि सांगली जिल्ह्यातल्या कुंडल इथल्या वन अकादमींमध्ये होतात. ताडोबासारख्या ठिकाणी जलद बचाव पथकं आहेत आणि गावपातळीवर स्थानिक तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दलंही.

पण वर्गात मिळतं ते फक्त अर्धं. उरलेलं अनुभवी पशुवैद्यकाच्या शेजारी उभं राहून शिकावं लागतं. बचाव केंद्रात किंवा प्राणिसंग्रहालयात एखाद्या बिबट्याचा दात काढायचा असतो, जखम शिवायची असते, तेव्हा नवशिक्यांना आधी नोंदी करायला, मग श्वास-नाडी बघायला आणि नंतर डार्ट भरायला मिळतो. शांत जागी, ओळखीच्या प्राण्यावर हात बसल्याशिवाय ओरडणाऱ्या गर्दीत तो स्थिर राहत नाही.

अडचण अशी की हे कौशल्य वापरलं नाही तर गंजतं. वर्षातून एकदाच डार्ट मारायची वेळ आली तर सराव राहत नाही. तयार झालेल्या माणसाची बदली झाली की पथक पुन्हा पहिल्या पायरीवर येतं. त्यामुळे एकदा शिबिर घेऊन भागत नाही, ठरावीक काळाने उजळणी करावी लागते.

यात तुमचा-आमचा संबंध काय?

थेट आहे. वस्तीत शिरलेल्या प्राण्याच्या प्रत्येक बचावकार्यात अशी एक गोष्ट असते जिचं प्रशिक्षण कुणीच घेतलेलं नसतं. ती म्हणजे बघ्यांची गर्दी.

बिबट्या बसून राहिला असेल तर डार्ट मारता येतो. तो सैरावैरा धावत असेल तर मारता येत नाही. त्याला बसू द्यायचं की पळवायचं, हे बहुतेक वेळा गर्दी ठरवते. म्हणूनच अशा वेळी प्रशासन जमावबंदीचा आदेश काढतं. पूर्वीचं कलम १४४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३.

आपल्या भागात असा प्राणी दिसला तर एवढं लक्षात ठेवावं:

- वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा पोलिसांना फोन करावा. जागा, वेळ आणि प्राणी कोणता, एवढं पुरेसं आहे.
- घरात थांबावं, मुलांना आणि पाळीव कुत्र्यांना आत घ्यावं. फाटक आणि दारं लावून घ्यावीत.
- प्राण्याला बाहेर पडायची वाट मोकळी ठेवावी. फटाके, दगड, काठ्या काही नको.
- लाइव्ह व्हिडिओ आणि लोकेशन टाकू नये. त्या पोस्टमुळे पुढच्या दहा मिनिटांत शंभर माणसं येतात.
- डार्ट लागल्यावर तर अजिबात जवळ जाऊ नये. प्राणी पडलेला दिसतो म्हणजे तो झोपलेला असतोच असं नाही.
- जुने किंवा दुसऱ्या गावचे व्हिडिओ ‘आपल्या भागात बिबट्या’ म्हणून पुढे पाठवू नयेत. पथक चुकीच्या ठिकाणी धावतं आणि खऱ्या ठिकाणी उशीर होतो.

कोथरूडच्या घटनेनंतर दोन आठवडेही झाले नव्हते, तोच पुण्याच्या बावधन भागात आणखी एक गवा दिसला. या वेळी लोकांना लांब ठेवलं गेलं, रस्ते अडवले गेले आणि गव्याला जंगलाच्या दिशेने जायला वाट दिली गेली. भुलीचं औषध तयार असतं, पथक तयार असतं. पण त्या दिवशी त्यांची गरज पडली नाही. गवा आपल्या पायांनी परत गेला.